दाभोळचा वायुप्रकल्प आणि संध्याकाळची वीज

श्रोतेहो, कोळशाकडून सूर्य आणि वाऱ्याकडे जाताना मधली काही दशके नैसर्गिक वायूवर काढावीत, हा विचार पाश्चात्त्य देशांत रुजला तो तिथल्या अनुभवातून. कोळशावरील केंद्रात एक युनिट वीज तयार होताना साधारण 900 ते 1000 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वायूवरील कंबाइंड सायकल केंद्रात, जिथे टर्बाइनमधून निघालेल्या उष्णतेवर वाफ करून पुन्हा वीज घेतली जाते, त्याच्या निम्म्याहून कमी. ब्रिटनमध्ये 1990नंतर उत्तर समुद्रातल्या वायूने कोळशाला मागे सारले, पुढे पवनचक्क्या वाढल्या आणि 30 सप्टेंबर 2024 रोजी रॅटक्लिफचे शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले. अमेरिकेत शेल खडकांत अडकलेल्या, म्हणजे शेल वायूने तेच केले. दोन्हीकडे सुरुवात झाली ती घरच्या वायूवर. भारतात या विचाराची मांडणी करताना नेमकी हीच बाब गाळली जाते, असे माझे निरीक्षण आहे.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण दाभोळचे. नाव दाभोळचे असले तरी प्रकल्प आहे खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल परिसरात. एन्रॉनच्या कराराच्या राजकारणावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, त्यात मी शिरत नाही. मला इंधनाविषयी बोलायचे आहे. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999मध्ये सुरू झाला तो नाफ्त्यावर, म्हणजे कच्च्या तेलापासून निघणाऱ्या इंधनावर, कारण जहाजाने येणारा द्रवरूप वायू उतरवून घेण्याचे टर्मिनल तयार नव्हते. नाफ्ता कच्च्या तेलाबरोबर आणि डॉलरबरोबर महाग होत गेला, आणि मे 2001मध्ये राज्य वीज मंडळाने वीज घेणेच थांबवले. 2005मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. तिला कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला देशी वायू मिळू लागला, पण त्या क्षेत्राचे उत्पादन अपेक्षेपेक्षा फार लवकर घसरले आणि 2013मध्ये तो पुरवठाही थांबला. त्याच वर्षी टर्मिनल सुरू झाले, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने पुढची अनेक वर्षे ते पावसाळ्यात बंद ठेवावे लागे. यंत्रे कोळशापेक्षा स्वच्छ होती. परवडेल असे इंधन मात्र सलग कधीच मिळाले नाही.

दराचा हिशेब सोपा आहे. वायूचा भाव दहा लाख बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचे एकक) सांगतात, आणि चांगल्या केंद्रात तेवढ्या वायूपासून सुमारे 140 ते 150 युनिट वीज मिळते. म्हणजे वायू 10 डॉलरला मिळाला, तर निव्वळ इंधनाचा खर्चच युनिटमागे सहा रुपयांच्या आसपास जातो, आणि दिवसाची सौर वीज अडीच-तीन रुपयांना मिळत असताना ती सोडून ही वीज कोण घेणार? युक्रेन युद्धानंतर, 2022मध्ये, द्रवरूप वायूच्या तात्काळ खरेदीचा भाव कित्येकदा 40 डॉलरच्या वर गेला. युरोपने जास्त पैसे मोजून जहाजे आपल्याकडे वळवली आणि त्या जुलैमध्ये पाकिस्तानने काढलेल्या मोठ्या निविदेला एकही बोली आली नाही. भारतात वायूवर चालणारी 20 हजार मेगावॉटहून अधिक क्षमता उभी आहे आणि तिचा मोठा भाग बहुतेक काळ बसून असतो. देशाच्या ऊर्जेत वायूचा वाटा 2030पर्यंत 15 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. तो सहा-सात टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आहे.

शिवाय वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो न जळता निसटला, तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता अडवतो. विहिरीपासून केंद्रापर्यंत काही टक्केच गळती झाली, तरी कोळशावरची आघाडी बरीचशी संपते. द्रवरूप वायूच्या बाबतीत तो उणे 160 अंशांपर्यंत थंड करण्यात खर्च होणारी ऊर्जाही त्याच खात्यावर लिहायला हवी.

मग ही केंद्रे भंगारात काढायची का? मला तसे वाटत नाही. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर मागणी चढीच राहते आणि सौर वीज तासा-दोन तासांत शून्यावर येते. कोळशाचा थंड पडलेला संच पुन्हा सुरू करायला कित्येक तास लागतात. वायूची टर्बाइन अर्ध्या तासाच्या आत भार उचलू शकते. महाराष्ट्रात हे काम कोयना करते, पण तिथून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून उरणचे 672 मेगावॉटचे वायुकेंद्र आणि अंजनवेलचे संच वर्षातल्या मोजक्या तासांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. 2024च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वीज कायद्याचे कलम 11, म्हणजे केंद्रे चालवण्याचा आदेश देण्याचा अधिकार, वापरून वायुकेंद्रांना नेमके असेच चालवले. त्यासाठी त्यांना विकलेल्या युनिटांवर नव्हे, सज्ज राहण्याबद्दल पैसे द्यावे लागतील, आणि तो दर ठरवताना बॅटरी आणि घाटघरसारखे उदंचन प्रकल्प (पाणी वर चढवून ठेवून गरजेच्या वेळी त्यावर वीज करणारे) त्यांच्यासमोर स्पर्धेला उभे करावे लागतील. जिथे साठवण स्वस्त पडेल, तिथे वायूने जागा सोडावी. नवी वायुकेंद्रे बांधण्याला तर मी स्पष्ट विरोध करतो.

हाती येणारा मर्यादित वायू विजेआधी खताला द्यावा, हेही नोंदवतो. थळच्या आरसीएफ खत कारखान्यात युरियासाठी लागणारा हायड्रोजन वायूपासूनच काढला जातो, आणि त्याला हरित, म्हणजे स्वच्छ विजेने पाण्यापासून काढलेल्या, हायड्रोजनचा पर्याय आजच्या भावात परवडत नाही.