फायटरला आधी ऊब, मग औषध

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबरातली सकाळ होती. नाशिकची थंडी नाशिककरांना सांगायला नको. साडेसहाला बेल वाजली आणि दारात आमच्या सोसायटीचे वॉचमन उभे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. स्वेटरच्या आत, पोटाशी धरलेली एक काचेची बरणी त्यांनी बाहेर काढली. लोणच्याची असते तशी, लिटरभराची.

"ताई, दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू जागा सोडून गेले. बाल्कनीत ही राहिली होती. जिवंत आहे का बघा बरं."

बरणीतलं पाणी ताकाच्या निवळीसारखं गढूळ झालं होतं. तळाशी न खाल्लेल्या दाण्यांचा बुरशी आलेला थर, आणि त्या थरावर एका कुशीवर पडलेला मासा. रंग राखाडी. पर मिटून अंगाला चिकटलेले, शेपटीच्या कडा काळपट आणि फाटक्या. मी बरणी उजेडात धरली. बराच वेळ काही हललं नाही. मग तो कसाबसा उठला, वेडावाकडा वर गेला, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा तळाला जाऊन पडला.

"आहे जिवंत," मी म्हटलं. मामांचा चेहरा उजळला.

दुकानात ज्याला आपण फायटर म्हणतो तो हा मासा. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. मूळचा थायलंडचा, त्या देशाने 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. तिथल्या दलदलीत, संथ ओढ्यांत आणि भातखाचरांत तो राहतो. खाचरातलं पाणी गुडघ्याएवढंही नसतं, पण ते पसरलेलं असतं, गवताने भरलेलं असतं आणि वर्षभर उबदार असतं. अशा पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून या माशाला कल्ल्यांच्या जोडीला डोक्यात घड्याघड्यांचा आणखी एक अवयव मिळाला आहे. त्यातून तो थेट हवा घेतो. आपली मरळही तेच करते. बाजारात कोळीण मावशींच्या टोपात तळाला चार बोटं पाणी असतं आणि मरळ तासन्‌तास जिवंत असते, ती त्यामुळेच.

या एका देणगीपायी फायटरचे फार हाल होतात. हवेतून श्वास घेतो, तर मग त्याला ग्लासभर पाणी पुरतं, फिल्टर नको, हीटर नको, असं सर्रास सांगून तो विकला जातो. कोणी टेबलावरच्या फुलदाणीत ठेवतं, कोणी वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून पिशवीतून वाटतं. श्वास घेता येणं वेगळं आणि जगता येणं वेगळं. हवा वरून मिळाली तरी अंग चोवीस तास त्याच पाण्यात असतं, आणि त्याची स्वतःची घाणही त्याच पाण्यात असते.

त्या सकाळी मी सगळ्यात आधी काय केलं ते सांगते, कारण नेमकं तिथेच बहुतेकांचं चुकतं. माझंही चुकलं होतं. वीस वर्षांपूर्वी माझा पहिला फायटर असाच आजारी पडला. मी धावत एका दुकानात गेले आणि निळं औषध, पिवळी पूड, वर कसल्याशा गोळ्या असं सगळं एकदम आणलं आणि एकाच दिवशी टाकलं. दुसऱ्या दिवशी मासा गेला. पाण्याचं तापमान मी पाहिलंच नव्हतं. तो मासा रोगाने गेला की माझ्या औषधांनी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही, आणि ती बोच अजून आहे.

म्हणून या वेळी औषधाची पेटी उघडलीच नाही. आधी थर्मामीटर बरणीत घातला. सोळा अंश. फायटरला पंचवीस ते सत्तावीस अंश सेल्सिअस लागतात. माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार पडलं की त्याची पचनशक्ती मंदावते, रोगाशी लढायची ताकदही मंदावते. मग अमोनिया तपासला. चाचणीच्या बाटल्या मिळतात, त्यातले थेंब नळीतल्या पाण्यात टाकायचे. पिवळा रंग राहिला तर पाणी ठीक, हिरवा झाला तर अमोनिया आहे. आमची नळी गर्द हिरवी झाली.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो, कुजणाऱ्या दाण्यांतूनही पडतो. कल्ल्यांना आणि त्वचेला तो भाजतो. नीट बसलेल्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजावर जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन थोडेसेही घातक, तिसरं बऱ्यापैकी सोसतं आणि पाणी बदललं की कमी होतं. ही जिवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे जातात. लोणच्याच्या बरणीत ती बसणार कुठे?

मामा अजून दारातच होते. त्यांनी विचारलं, "ताई, एवढं करण्यापेक्षा गोदावरीत सोडून देऊ का त्याला? पुण्य तरी लागेल." त्यांचा हेतू चांगला होता. असं वाटणारी बरीच चांगली माणसं मला भेटतात, म्हणून स्पष्ट बोलते: कृपा करून घरातला मासा नदीत, विहिरीत, तलावात सोडू नका. डिसेंबरच्या पाण्यात तो थंडीनेच मरेल, आणि जगला तर त्याच्या अंगावरचे रोग नदीतल्या माशांना देईल. चिलापी हा आफ्रिकेतला मासा. तो आपल्या धरणांत आणि नद्यांत एकदा शिरला आणि आता निघता निघत नाही. मामांना मी चहा दिला आणि हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग राहू दे तुमच्याकडंच."

दहा लिटरचा प्लास्टिकचा स्वच्छ टब घेतला. साबण कधीच न लागलेला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशाच्या कल्ल्यांना आणि उपयोगी जिवाणूंना दोघांनाही मारतं, म्हणून अँटिक्लोरीनचे थेंब टाकले. पाणी मुद्दाम बरणीएवढंच गार ठेवलं. सोळा अंशांतून एकदम सव्वीस अंशांत टाकलं तर धक्क्यानेच जीव जाईल. बरणीतलं घाण पाणी टबात न ओतता मासा एका वाटीत अलगद घेऊन सोडला. जाळी वापरली नाही, फाटलेले पर जाळीत अडकतात. मग छोटा हीटर लावला आणि दिवसभरात, तासाला साधारण एक अंश, असं पाणी तापवत नेलं. एक सांगून ठेवते: पाण्यात हात घालण्याआधी हीटरचा प्लग काढायचा, दर वेळी. आणि हीटर चालू असताना पाण्याबाहेर काढायचा नाही, काच तडकते.

पाणी चार-पाच इंचच ठेवलं, कारण अशक्त माशाला हवेसाठी वर जायचे कष्टही जड जातात. टबावर झाकण ठेवलं, थोडी फट ठेवून. तो जी हवा आत घेतो तीही उबदार हवी. रात्री वीज गेली तेव्हा टबाभोवती जुनी गोधडी गुंडाळली.

ऊब आणि स्वच्छ पाणी मिळाल्यावर मग निरखायला बसले. अंगावर रवा चिकटल्यासारखे पांढरे दाणे असतील तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. अंधारात टॉर्च मारल्यावर हळदीची पूड भुरभुरल्यासारखी सोनेरी झाक दिसली तर मखमली रोग. दोन्ही परजीवींचे, आणि त्यांना औषध लागतं. वरून पाहताना खवले सीताफळाच्या सालीसारखे उभे दिसले आणि पोट टम्म असलं तर ती जलोदरासारखी अवस्था. आतून मूत्रपिंडं थकलेली असतात आणि बहुतेक मासे त्यातून उठत नाहीत. आमच्या पाहुण्याला यातलं काही नव्हतं. त्याचे पर कुजत होते, म्हणजे घाण पाण्यात फोफावणाऱ्या जिवाणूंचं काम. ते फार पुढे गेलेलं नसेल तर स्वच्छ पाण्यानेच मागे हटतं.

दहा लिटर पाण्याला चहाचे अडीच सपाट चमचे, या हिशेबाने मीठ, आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून, थोडं थोडं करत दिवसभरात घातलं. साधं खडेमीठ, पुडीवर मिठाशिवाय दुसरं काही लिहिलेलं नको. हे दहा दिवसांपुरतंच. त्यापुढे मिठाचाच त्रास होतो. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं आणि जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं. मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही, हे लक्षात ठेवलं नाही तर आठवडाभरात टबाचा समुद्र होतो.

दुसरी गोष्ट घातली ती बदामाची पानं. सुक्या मेव्यातला बदाम नव्हे. शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला असतं ते पसरट फांद्यांचं झाड, ज्याची हिरवी-तांबडी फळं आपण लहानपणी दगडाने फोडून आतली बी खायचो. थंडीत त्याची मोठी पानं तांबडी होऊन गळतात. गळून वाळलेलं पान घ्यायचं, हिरवं तोडायचं नाही, गटाराजवळचं किंवा फवारणी झालेलं नको. धुऊन, उकळत्या पाण्यात बुडवून काढायचं आणि टबात सोडायचं. दिवसाभरात पाणी कोऱ्या चहासारखं होतं. त्या रंगातले टॅनिन जिवाणूंची आणि बुरशीची वाढ थोडी रोखतात, आणि उजेड मंद झाल्यामुळे मासाही शांत राहतो. थायलंडमधले फायटर पाळणारे पूर्वापार हीच पानं वापरत आले आहेत. आपल्याकडे ती झाडून जाळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिले दोन दिवस खायला काहीच दिलं नाही. शेजारच्या ताई हळहळल्या, पण गारठलेल्या पोटात अन्न कुजतं. तिसऱ्या दिवशी एक दाणा टाकला. त्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी तो दाणा लगेच काढून घेतला. चौथ्या दिवशीही तसंच. पाचव्या दिवशी गोठवलेले डाफ्निया, म्हणजे पाण्यातले पिसवांएवढे जीव, त्यातले दोन-तीन चिमट्याने त्याच्या तोंडासमोर हलवले. त्याचे डोळे आधी फिरले. डोळे फिरताना दिसतात या माशाचे, ते फार कमी माशांत इतकं स्पष्ट दिसतं. मग मान वळवल्यासारखं अंग वळलं, आणि झटक्यात एक गायब. मी स्वयंपाकघरात एकटीच होते, तरी मोठ्याने "शाब्बास" म्हणाले.

या माशाचं पोट जेमतेम त्याच्या डोळ्याएवढं धरून चालायचं. सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन, आठवड्यातून एक दिवस उपास. हा मांसाहारी मासा आहे. पाव, बिस्किटाचा चुरा, भाताची शितं त्याला नकोत.

दहा-बारा दिवसांनी शेपटीच्या काळ्या कडेपुढे काचेसारखी एक पातळ किनार दिसू लागली. रंग नाही, उजेडातच दिसायची, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकी तलम. नवा पर असा पारदर्शकच फुटतो आणि त्यात रंग मागाहून भरतो. कित्येक जण ती किनार पाहून बुरशी समजतात आणि बऱ्या होत असलेल्या माशाला औषध देतात. बुरशी कापसासारखी धुरकट आणि पुंजक्यांची असते. ही किनार स्वच्छ आणि सरळ असते.

औषधांना माझा विरोध नाही. परजीवी असतील, कापूस वाढत असेल, स्वच्छ पाण्यातही पर रोज झडत असतील तर औषध द्यावंच. पण वेगळ्या टबात, एका वेळी एकच, मोजून. मिथिलीन ब्लू हे निळं औषध मुख्य टँकमध्ये टाकलं तर फिल्टरमधले कमावलेले जिवाणू जातात आणि पुन्हा अमोनियाशी गाठ पडते. अँटिबायोटिक तर माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारल्याशिवाय नकोच.

महिन्याभराने त्याला वीस लिटरच्या टँकमध्ये हलवला. एका मैत्रिणीच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज आणून आमच्या फिल्टरला जोडला होता, त्यामुळे जिवाणू तयारच मिळाले. हवेचा पंप अगदी मंद ठेवला. लांब परांच्या माशाला जोराचा प्रवाह सोसत नाही. तेव्हा कुठे मला त्याचा खरा रंग कळला. राखाडी समजत होते तो मासा निळा निघाला, मोरपिसाच्या डोळ्यातला निळा, आणि परांच्या मुळाशी तांबडा.

कोणी सोडून गेलेला मासा घरी आणणं आणि दुकानातला मरायला टेकलेला मासा दया येऊन विकत घेणं यांत मी फरक करते. दुसऱ्या प्रकारात तुमचे पैसे पोहोचले की त्या माशाच्या कपाच्या जागी दुसऱ्या माशाचा कप येतो. त्यापेक्षा दुकानदाराला शांतपणे सांगा, की भाऊ, पाणी बदला, कप उन्हात ठेवू नका. ऐकणारे ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

त्याच्या शेपटीचा वरचा एक कोपरा कायमचा तोकडा राहिला आहे. पोहताना तो किंचित डावीकडे कलतो. पण गेल्या आठवड्यात सकाळी टँकचं झाकण उचललं, तर बदामाच्या पानाखाली साबुदाण्यासारखे बारीक बुडबुडे एकाला एक चिकटून बसलेले. नर फायटर तोंडाने बुडबुडे सोडून पिल्लांसाठी असं घरटं बांधतो, मादी नसली तरी बांधतो. मामांना खालून बोलावून घेतलं. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, टँकसमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काचेवर बोट ठेवलं, तसा तो निळा मासा सगळे पर पसरून त्या बोटावर चालून आला.

"ताई, हा तोच का?" मामांनी विचारलं.

तोच होता. नमस्कार.