सीआरपी नॉर्मल आला म्हणजे आतडं शांत आहे का?

नमस्कार मंडळी. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुमचं रक्त लॅबमध्ये आल्यावर ते तपासून रिपोर्टवर सही करणारी डॉक्टर. आमच्याकडे रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण पाकीट काउंटरवरच उघडतात आणि पहिला प्रश्न विचारतात, मॅडम, नॉर्मल आहे ना? साध्या तापाच्या पेशंटला सांगता येतं पटकन, पण ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स आहे त्यांना याचं उत्तर एका शब्दात देताच येत नाही, आणि आज मला त्याबद्दलच जरा नीट बोलायचंय.

हे दोन आजार, दोघांना मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात. आयबीएस नाही बरं का, ते वेगळं, त्यात आतड्याला सूज नसते. आयबीडीमध्ये आतड्याला खरोखरची सूज असते, जखमा असतात, काही महिने बरं जातं आणि मग आजार परत उचल खातो. आपल्याकडे संडासातून रक्त आणि शेम पडायला लागली की घरचे म्हणतात उष्णता झाली, नाहीतर मूळव्याध असेल, मग मलम, मग कोणीतरी सांगितलेला काढा, असं करत करत महिने जातात आणि तोवर पोरगी निम्मी झालेली असते. एकदा निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, की पुढची सगळी वर्षं एकच प्रश्न असतो, आत आत्ता काय चाललंय? दर वेळी कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं, शक्य नाही, तो पोट साफ करायचा त्रास, खर्च, रजा. म्हणून रक्ताच्या तपासण्या.

त्यातली पहिली सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं. हे नाव तुम्हाला नवीन नाही. २०२०-२१ मध्ये कोविडच्या वेळी घराघरात सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन हे शब्द लोक बोलायला लागले होते. हे प्रोटीन सापडलं १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना, न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात. ते तयार होतं लिव्हरमध्ये. शरीरात कुठेही सूज आली की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप रक्तातून लिव्हरला पाठवतात आणि लिव्हर सीआरपी बनवायला लागतं, सहा-आठ तासांत तो वाढायला लागतो, दोन दिवसांत शिखरावर जातो, आणि सूज ओसरली की साधारण दर १९ तासांनी निम्मा होतो. त्यामुळे औषध लागू पडतंय का हे काही दिवसांतच दिसतं.

पण यात एक मोठी मेख आहे आणि मला वाटतं ही गोष्ट प्रत्येक पेशंटला पहिल्याच महिन्यात कोणीतरी बसवून सांगायला हवी. सगळ्यांचं शरीर सीआरपी सारखा बनवत नाही. क्रोन्समध्ये सूज आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाते, बाहेरच्या चरबीपर्यंत, त्यामुळे लिव्हरला निरोप जोरात जातो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज आतल्या अस्तरापुरतीच असते, आणि ती फक्त गुदाशयापाशी असेल तर माणूस दिवसातून पाच वेळा रक्त बघत असतो आणि सीआरपी दोन मिलिग्राम प्रति लिटर, म्हणजे नॉर्मल! क्रोन्सवाल्यांमध्येसुद्धा काही जण असे असतात की कोलोनोस्कोपीत जखमा दिसतायत आणि सीआरपी कायम पाचच्या आत, काहींच्या बाबतीत तर त्यांच्या जीन्समुळेच तो कमी बनतो. अशा माणसाला रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका, असं म्हणून घरी पाठवलं तर त्याच्यावर अन्याय होतो, आणि तो होतो हो, मी बघते, मग घरचेही म्हणायला लागतात की रिपोर्ट तर चांगले येतात, तूच फार मनावर घेतोस.

मग करायचं काय, तर जुनी फाइल काढा. जेव्हा कोलोनोस्कोपीत आजार जोरात होता तेव्हा, त्याच आठवड्यात, सीआरपी किती होता ते शोधा. तेव्हा ४० होता आणि आता ३ आहे, तर हा आकडा तुमच्याशी खरं बोलतोय, पुढेही त्याच्यावर भरवसा ठेवता येईल. तेव्हाही ३ होता आणि आताही ३ आहे, तर तुमच्यासाठी नॉर्मल सीआरपीला फारसा अर्थ नाही आणि तुमच्या डॉक्टरांना दुसरं काहीतरी बघावं लागेल. हे ज्याला स्वतःबद्दल माहीत आहे त्याला पुढच्या प्रत्येक रिपोर्टचा उपयोग होतो.

आणि आकडे जुळवताना युनिट बघा, प्लीज. काही लॅब मिलिग्राम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्राम प्रति डेसिलिटरमध्ये, दोन्हीत दहा पटींचा फरक आहे. म्हणजे एका लॅबचा १.२ आणि दुसऱ्या लॅबचा १२ हा एकच आकडा असू शकतो, आणि लोक लॅब बदलली की एवढा वाढला म्हणून घाबरतात नाहीतर एवढा उतरला म्हणून पेढे वाटतात. शक्यतो एकच लॅब ठेवा. एचएस-सीआरपी म्हणून हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये जे येतं ते प्रोटीन तेच, फक्त अगदी बारीक पातळीवर मोजलेलं, हृदयाच्या धोक्यासाठी.

उलटी बाजूही आहे. सीआरपी वाढला म्हणजे आतडंच बिघडलं असं नाही. दाढ सुजली, लघवीत इन्फेक्शन झालं, घसा धरला, संधिवात आहे, या सगळ्यात तो वाढतो, वजन जास्त असेल तरी थोडा वर राहतो. आणि एकदम शंभराच्या वर गेला, सोबत ताप, तर आत कुठे पू झालाय का, इन्फेक्शन आहे का, हे आधी बघावं लागतं. म्हणून ताप-सर्दी चालू असताना रुटीन सीआरपी करायला आलात तर आधी सांगा तसं. उपाशीपोटी यायची गरज नाही, चहा पिऊन या खुशाल.

ईएसआर ही जुनी तपासणी, नळीत रक्त उभं ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. स्वस्त आहे, खेड्यातल्या लॅबमध्येही होते, पण रक्त कमी असेल तर वाढते, वयाने वाढते, गरोदरपणात वाढते आणि उतरायला आठवडे घेते. आपल्याकडे ईएसआर वाढला की लगेच टीबी म्हणायची सवय आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे खरोखरच एकमेकांसारखे दिसतात, जागाही बरेचदा तीच, लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथली, पण ईएसआर आणि सीआरपी दोन्हींमध्ये वाढतात, त्यावरून कोणता आजार ते ठरत नाही. त्याला बायोप्सी लागते, स्कॅन लागतो, डॉक्टरांचा अनुभव लागतो.

मला जास्त काळजी वाटते ती सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन, यांच्याकडे कोणी बघत नाही याची. हिमोग्लोबिन हळूहळू उतरतंय, प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर राहतायत, अल्ब्युमिन कमी होतंय, ही तिन्ही लक्षणं सूज चालू असल्याची आहेत, आणि अल्ब्युमिन तर आठवड्यांचा हिशोब सांगतं कारण ते रक्तात निम्मं व्हायलाच जवळजवळ तीन आठवडे लागतात. आणि फेरिटिन! लोहाचा साठा सांगणारी तपासणी, पण सूज असली की फेरिटिन आपोआप वर जातं. म्हणजे रिपोर्टवर ६० छापून येतं, बाजूला नॉर्मल लिहिलेलं असतं, आणि अंगात लोह नसतंच. म्हणून सूज नसताना ३० च्या खाली आलं तर कमी धरतात, पण सूज असताना १०० पर्यंतसुद्धा लोह कमी असू शकतं. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, डोकं चालत नाही, आणि सगळे म्हणतात आळशी झालीय. मला फार वाईट वाटतं हे ऐकून, कारण लोह दिलं की ही मुलं परत उभी राहतात.

आता रक्तात जिथे नीट कळत नाही तिथे संडासाची तपासणी कामाला येते, फीकल कॅलप्रोटेक्टिन. हे प्रोटीन पांढऱ्या पेशींमधलं, आतड्याला सूज असली की त्या पेशी थेट आतड्यात उतरतात, त्यामुळे दाढ दुखली म्हणून हे वाढत नाही. ढोबळमानाने ५० च्या आत असेल तर छान, २५० च्या वर असेल तर आजार बहुतेक जागा झालाय, मधलं असेल तर काही आठवड्यांनी परत करून बघतात. दुखण्याच्या गोळ्या घेत असाल तर त्यानेही वाढतं. सीआरपीपेक्षा काही पट महाग आहे आणि लोकांना डबी घेऊन यायची लाज वाटते. अहो, आमचं कामच आहे ते, बिनधास्त आणा.

हे आकडे बघून औषध बदललं तर फायदा होतो का, हेही तपासलं गेलंय. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात CALM (उच्चार काम) नावाची ट्रायल छापून आली, २२ देशांतले क्रोन्सचे २४४ पेशंट. एका गटात फक्त त्रासावरून औषध वाढवलं, दुसऱ्या गटात त्रासासोबत सीआरपी ५ च्या वर किंवा कॅलप्रोटेक्टिन २५० च्या वर गेलं तरी वाढवलं, त्रास नसला तरी. ४८ आठवड्यांनी पहिल्या गटात ३० टक्के लोकांचं आतडं भरून आलेलं होतं, दुसऱ्यात ४६ टक्के. म्हणून बरं वाटत असताना डॉक्टर तपासण्या लिहून देतात तेव्हा पैसे उकळतायत असं समजू नका. अ‍ॅझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज आटोक्यात ठेवणारी गोळी, चालू असेल तर सीबीसी आणि लिव्हरची तपासणी वेगळ्या कारणासाठी असते, त्या गोळीने पांढऱ्या पेशी फार उतरू नयेत म्हणून, ती तर अजिबात चुकवू नका.

आणि एक शेवटचं, कोलायटिसवाल्यांसाठी. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ मध्ये एक मोजमाप दिलं, ते आजही वापरतात. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि सोबत ताप, किंवा नाडी ९० च्या वर, किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, किंवा ईएसआर ३० च्या वर, यातलं एक जरी असलं तरी तो कोलायटिसचा गंभीर झटका आहे. जुलाब मोजता येतात, ताप घरी बघता येतो, नाडी घरी मोजता येते. तसं झालं तर आमच्या लॅबमध्ये येऊन रिपोर्टसाठी संध्याकाळपर्यंत थांबू नका, सरळ हॉस्पिटलमध्ये जा, ॲडमिट व्हा, रक्त तिथेच घेतील.