काउंटरच्या पलीकडे

[दृश्य: संदर्भ विभाग. संगणकासमोर ग्रंथपाल, शेजारी विद्यार्थिनी.]

विद्यार्थिनीने शोधपेटीत अख्खा प्रश्न टाइप केलाय. निकाल ढिगाने आलेत, कामाचा एकही नाही. ग्रंथपाल बाई त्यातले दोनच नेमके शब्द ठेवतात, त्यांना अवतरणचिन्हं लावतात, वर्षांची मर्यादा घालतात. एक चांगला लेख हाती लागतो. त्याच्या शेवटची संदर्भसूची उघडली, की पुढचे लेख आपोआप सापडत जातात.

विद्यार्थिनीचं काम झालं. पण हेच उत्तर उद्या दुसऱ्याला लागणार, परवा तिसऱ्याला, आणि दर वेळी ते तोंडी सांगायचं, तेही पहिल्यापासून. ज्याला हा प्रश्न रात्री उशिरा पडतो, त्याच्यासाठी तर काउंटर बंदच असतो.

[दृश्य: ब्लॉगचं कोरं पान. शीर्षक टाइप होतंय, खोडलं जातंय.]

म्हणून बाई ते ब्लॉगवर लिहून ठेवतात. शीर्षकापाशी त्या थांबतात. आधी लिहिलेलं ‘माहितीशोधाची तंत्रे’ खोडतात आणि लिहितात, ‘प्रकल्पासाठी लेख सापडत नाहीत? असं शोधा.’ अडलेला वाचक याच शब्दांत शोधत येतो. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र. ते इथे, एका शीर्षकात पाळलं जातं.

[दृश्य: पुस्तकांच्या रांगांमध्ये एकटा ग्रंथपाल.]

कितीतरी ग्रंथालयांत ग्रंथपाल एकटाच असतो. पुस्तकाचा वर्गांक, म्हणजे विषयानुसार दिला जाणारा क्रमांक, दोन विषयांच्या मध्ये अडकला, तर विचारायचं कोणाला? अमेरिकेत ग्रंथपाल जेसामिन वेस्ट यांनी १९९९ मध्ये ग्रंथपालनावर ब्लॉग सुरू केला. पुढे अनेक जण लिहू लागले. मायकेल केसी यांनी २००५ मध्ये ‘लायब्ररी २.०’ ही कल्पना ब्लॉगवरच मांडली: सेवा ठरवताना वाचकालाही सामील करून घ्या. परिषदेची किंवा छापील अंकाची वाट न बघता व्यवसायातले लोक त्यावर वाद घालू लागले. एकट्याने काम करणाऱ्याला सहकारी मिळाले, हे मला या माध्यमाचं सर्वांत मोठं देणं वाटतं.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

वाचकांकडून काय मिळू शकतं, ते २००८ मध्ये दिसलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सुमारे ३,१०० जुनी छायाचित्रं फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली. लोकांनी चित्रांतली ठिकाणं, माणसं, प्रसंग ओळखून लिहिले. कर्मचाऱ्यांनी ती माहिती पडताळली आणि मगच मूळ नोंदी सुधारल्या. मधली ती पडताळणी विसरून चालणार नाही. ग्रंथपालाचं कसब तिथेच आहे.

समाजमाध्यमांवरची पोस्ट लवकर पोहोचते, पण दोन दिवसांत खाली जाते, नंतर शोधायला अवघड. त्यामुळे टिकायला हवा तो मजकूर आधी ब्लॉगवर, दुवा पोस्टमध्ये, आणि एक प्रत स्वतःजवळ. सेवा बंदही पडतात: अनेक जण ब्लॉग ज्यातून वाचत, ते गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं. सगळी सार्वजनिक ट्वीट्स जतन करायला घेतलेल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही २०१८ पासून निवडकच घ्यायचं ठरवलं.

[दृश्य: देवघेव विभाग. पुस्तक हातात देताना. चेहरे दिसत नाहीत.]

एक गोष्ट मात्र कधीच पोस्ट करायची नाही: कोणी काय वाचलं, काय विचारलं. नाव गाळलं तरी भागत नाही. ‘काल एक जण अमुक आजारावरचं पुस्तक शोधत आला होता’ एवढ्यावरूनही लहान संस्थेत माणूस ओळखू येतो. वाचक निर्धास्तपणे प्रश्न विचारतो तो याच भरवशावर. फोटोलाही आधी परवानगी हवी.

[दृश्य: घरी, दिव्याखाली लॅपटॉप.]

हे सगळं लिहिणं बरेचदा कामाच्या वेळेबाहेर होतं. देवघेवीचे आकडे वार्षिक अहवालात जातात, ब्लॉगचं नावही तिथे नसतं. काउंटरवर दिलेलं उत्तर जर काम असेल, तर तेच उत्तर सर्वांसाठी लिहून ठेवणं हेही कामच. त्याला आठवड्याच्या वेळापत्रकात तास मिळायला हवेत आणि अहवालात रकाना.