लोगो कोणी ठरवायचा?

ओपन सोर्स प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, मेमरी लीकची (प्रोग्राम घेतलेली मेमरी परत सोडत नाही, त्या चुकीची) दुरुस्ती आली की तिच्यावर दोघे-तिघे बोलतात. लोगोचा निळा जरा गडद हवा का, असं विचारून बघा; वर्षभर तोंड न उघडलेले लोकही धावून येतात. ‘पार्किन्सनचा नियम’ लिहिणारे लेखक पार्किन्सन यांनी 1957मध्ये याचं नेमकं वर्णन करून ठेवलंय. समिती अणुभट्टीचा खर्च चुटकीसरशी मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या शेडवर घोळ घालत बसते, कारण शेड प्रत्येकाला कळते. 1999मध्ये फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात ‘स्लीप’ या, ठरावीक वेळ थांबायला लावणाऱ्या कमांडला अपूर्णांकातले सेकंद चालावेत का, यावर रण माजलं. तेव्हा तिथले प्रोग्रामर पॉल-हेनिंग काम्प यांनी सहकाऱ्यांना त्याच शेडची आठवण करून दिली. ‘बाइकशेडिंग’, म्हणजे क्षुल्लक गोष्टीवर घोळ घालणं, हा शब्द आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात रुळला तो तिथून.

त्याच फ्रीबीएसडीने पुढे 2005मध्ये लोगोची स्पर्धा घेतली, आणि ती बऱ्यापैकी निभावली, हे मला विशेष वाटतं. त्यांच्याकडे बीस्टी होता: लालभडक, गुबगुबीत सैतान, पायात बूट, हातात त्रिशूळ. लोकांचा त्याच्यावर जीव. पण तो लहान आकारात ओळखू येत नव्हता, काहींना धार्मिक कारणाने खटकत होता, आणि त्याचे हक्क प्रकल्पाकडे नव्हते, बीएसडीचे जुने प्रोग्रामर मार्शल कर्क मक्युसिक यांच्याकडे होते. स्पर्धेतून निवडला गेला तो एक लाल गोळा आणि त्याला दोन शिंगं. बीस्टीला मात्र कोणी घराबाहेर काढलं नाही. तो मॅस्कॉट, म्हणजे प्रकल्पाचं लाडकं पात्र, म्हणून राहिला.

तेव्हा चित्रं मागवण्याआधी हे ठरवा, की आपल्याला लोगो हवाय की मॅस्कॉट. मॅस्कॉटला स्वभाव असतो, तो हसतो, रुसतो, टी-शर्टवर नाचतो. लोगोने निमूटपणे ओळख पटवायची. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा पेंग्विन, टक्स, लॅरी यूइंग यांनी 1996मध्ये गिंप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना हेरिंग मासे पोटभर खाऊन तृप्त झालेला पेंग्विन हवा होता. त्या काळी लिनक्ससाठी लोगोच्या स्पर्धा झाल्या, आणि टक्स त्यात जिंकला नाही! आज त्या स्पर्धांचे विजेते कोणाला आठवतात? रस्ट या प्रोग्रामिंग भाषेने दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्यात: चक्राच्या दात्यांमध्ये बसवलेला ‘आर’ हा लोगो, आणि फेरिस नावाचा खेकडा हा अनधिकृत मॅस्कॉट. निम्मी भांडणं या एका वाटणीने मिटतात.

आता आकार. ब्राउझरच्या टॅबवरचा आयकॉन पारंपरिक मापात 16 बाय 16 पिक्सेलचा असतो, म्हणजे सगळे मिळून 256 ठिपके. डिझायनर 512 पिक्सेलच्या फलकावर काम करतो, तिथे 8 पिक्सेल जाडीची रेघ ऐटदार दिसते. टॅबवर तीच रेघ पाव पिक्सेल होते. पाव पिक्सेल दाखवता येत नाही, म्हणून शेजारच्या रंगात मिसळून फिकट डाग पडतो. एक पिक्सेल उरायचा असेल तर मूळ रेघ 32 पिक्सेल जाड हवी. हे गणित स्पर्धकांना आधी सांगा. प्रत्येक चित्र 16 पिक्सेलमध्ये, एकरंगी, पांढऱ्यावर आणि काळ्यावर, अशा चारही रूपांत मागवा. बरीचशी चित्रं तिथेच गळतात, कोणाला नाही म्हणायचा वाईटपणा न घेता.

मीडियाविकीचं उदाहरण घ्या. विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर. त्याचा जुना लोगो म्हणजे सूर्यफुलाचा खराखुरा फोटो आणि भोवती विकीत दुवा देताना टाकतात ते दुहेरी चौकोनी कंस. कल्पना सुंदर, पण फोटो तो फोटोच. लहान केला की पाकळ्यांचा पिवळा लगदा. 2021मध्ये नवा लोगो आला. त्यात फूल राहिलं, फक्त साध्या सपाट आकारांत उतरलं. निवड मतदानाने झाली, पण दोन टप्प्यांत: आधी कल्पना, मग त्या कल्पनेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांपैकी एक. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. रंग, जाडी, कोन यांवरचा वाद कल्पना पक्की होईपर्यंत उंबरठ्याबाहेरच राहतो.

मतदानाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मत सगळ्यांनी द्यावं, पण मतपत्रिका सगळ्यांनी मिळून करू नये. तीन-चार जणांची लहान समिती नेमा, त्यात डिझाइन कळणारा एक तरी हवा, आणि निकष तिने आधी जाहीर करावेत. छाटणी तिने करावी, शेवटचे चार-पाच पर्याय सर्वांपुढे ठेवावेत. मत पसंतीक्रमाने घ्या. एकच मत ठेवलं तर एकाच हंसाची तीन चित्रं आपापसांत मतं फोडतात आणि कोणालाच फारसा न आवडलेला त्रिकोण निवडून येतो. डेबियन या लिनक्सच्या वितरणात (लिनक्स आणि सोबतची सॉफ्टवेअरं एकत्र बांधून देणाऱ्या प्रकल्पात) मतदान पसंतीक्रमानेच होतं आणि मतपत्रिकेवर ‘यांपैकी एकही नाही’ हाही पर्याय असतो. लोगोच्या बाबतीत तो हवाच. आहे तोच लोगो ठेवायचा, हाही सन्माननीय निकाल आहे.

स्पर्धेबद्दल डिझायनर मंडळींची तक्रार असते आणि ती रास्त आहे: पन्नास जण फुकट राबणार, एकोणपन्नास जणांचं काम वाया. कोडचा पॅच (सुचवलेली दुरुस्ती) नाकारला तर निदान का नाकारला ते कळतं. चित्राला तेही मिळत नाही. प्रकल्पाकडे पैसे असतील तर एकाच डिझायनरला नेमा आणि मानधन द्या. नसतील तर आधी पेन्सिलीची कच्ची रेखाटनंच मागवा.

चित्रात कुठल्या लिपीतलं अक्षर असेल, तर ती लिपी रोज वाचणाऱ्या माणसाला ते दाखवा. विकिपीडियाच्या लोगोत जोडकोड्याच्या तुकड्यांचा गोळा आहे, त्यावर देवनागरी ‘वि’ होता आणि त्याची वेलांटी चुकीच्या जागी पडली होती. गोळा नव्याने घडवला गेला 2010मध्ये, तोवर ती चूक जगभर मिरवत होती.

आणि आता ज्यावर कोणी बोलत नाही ते: लायसन्स. कोड मुक्त म्हणून लोगो आपोआप मुक्त होत नाही. इथे दोन वेगळे हक्क आहेत. चित्राचा कॉपीराइट एक, आणि ‘हे आमचंच सॉफ्टवेअर’ असं सांगणारा ट्रेडमार्क दुसरा. फायरफॉक्सच्या लोगोचं लायसन्स डेबियनच्या मुक्ततेच्या कसोटीला उतरत नव्हतं, म्हणून डेबियन फायरफॉक्स त्या लोगोशिवाय देत होतं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं म्हणणं, नाव वापरायचं तर लोगोही वापरा आणि तुमचे बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या. 2006मध्ये डेबियनने नावच टाकलं आणि ब्राउझर ‘आइसवीझल’ म्हणून दिला. फायरफॉक्स हे नाव तिथे परतलं 2016मध्ये. एका चित्राच्या अटींपायी दहा वर्षं! गंमत म्हणजे डेबियनचा स्वतःचा लोगो, तो लाल भोवरा, त्याच कसोटीला उतरेल असा मोकळा झाला तो 2012मध्ये.

म्हणून चित्र स्वीकारतानाच लेखी घ्या: हक्क कोणाकडे, लायसन्स कोणतं, नावातली अक्षरं कुठल्या फाँटची आणि त्याचं लायसन्स काय. लोगोच्या एसव्हीजी फाइलमध्ये (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या चित्राच्या फाइलमध्ये) अक्षरांच्या बाह्यरेषा करून घ्या, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर भलताच फाँट उमटतो. एआयकडून बनवलेलं चित्र कोणी दिलं तर सावध राहा. अमेरिकेत कॉपीराइटसाठी माणसाची निर्मिती लागते, तेव्हा अशा चित्रावर तुमचा हक्क टिकेलच असं नाही. आणि कोणाच्या लोगोशी ते मिळतंजुळतं निघालं, तर निस्तरणार तुम्हीच.

निकाल लागला की पुढचं काम कंटाळवाणं असतं, पण ते कोणावर तरी नेमून द्या. लोगो रिपॉझिटरीत (कोड ठेवतात तिथे), संकेतस्थळावर, इन्स्टॉलरमध्ये, डॉक्युमेंटेशनमध्ये, निरनिराळ्या वितरणांच्या पॅकेजांत आणि लोकांच्या जुन्या स्लाइडमध्ये असतो. शेवटच्या दोन ठिकाणी तुमचा हुकूम चालत नाही. बदल एखाद्या मोठ्या आवृत्तीसोबत करा, म्हणजे पॅकेज करणाऱ्यांना तो एरवीच्या कामातच उरकता येतो. फाइलींची नावं शक्यतो तीच ठेवा, जुना लोगो एका फोल्डरमध्ये जपून ठेवा, आणि लोगो कोणी कसा वापरायचा याचं एक पान साध्या भाषेत लिहा. त्यात ‘चालेल’ची यादी ‘चालणार नाही’च्या यादीपेक्षा मोठी असू द्या.