मिटणारी पट्टी

[दृश्य: चिमटीत धरलेली छोटी ट्यूब, उजेडासमोर]

ही ट्यूब रिकामी नाही. तळाशी अगदी टोकाला पाहा, पांढुरकं काहीतरी दिसेल. हे वाळवलेलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. आपली अँटिबॉडी हवं तेच प्रथिन धरते का, हे याने तपासायचंय. अशा ट्यूबमध्ये बहुधा 50 ते 100 मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे मिठाच्या एक-दोन कणांचं वजन. झाकणाला चिकटलेलं असेल तर उघडताक्षणी गेलंच, म्हणून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक गिरकी. ही पायरी गाळणारे ती एकदाच गाळतात.

[दृश्य: पडद्यावर फिरणारा हिस्टामिनचा रेणू]

हिस्टामिन म्हटलं की शिंका, खाज, अंगावर उठलेल्या गांधी. पण मेंदूला जागं ठेवण्यातही त्याचा हात असतो. काम झालं की त्याला मोडीत काढावं लागतं आणि त्यासाठी मुख्यतः दोन एन्झाइम आहेत. एक डायअमाइन ऑक्सिडेज, आतड्यात, मूत्रपिंडात आणि गर्भारपणी वारेत भरपूर. फुप्फुसाच्या ऊतीतून हिस्टामिन आपोआप नाहीसं होतं, हे 1929 मध्ये चार्ल्स बेस्ट यांनी नोंदवलं, इन्सुलिनच्या शोधातले तेच बेस्ट. दुसरं हिस्टामिन एन-मिथाइलट्रान्सफरेज, म्हणजे एचएनएमटी. ते पेशीच्या आत बसतं आणि हिस्टामिनच्या कड्यावर मिथाइल गट चिकटवून त्याला निकामी करतं. मेंदूत जवळजवळ सगळी भिस्त याच्यावरच. आपल्याला शोधायचंय तेही हेच.

[दृश्य: पिपेटचं टोक, द्रावणात उतरताना]

शोधायचं अँटिबॉडीने, म्हणजे ठरावीक प्रथिनाला आपल्या दोन हातांनी पकडणाऱ्या रेणूने. आपली अँटिबॉडी अख्खं प्रथिन ओळखत नाही. एचएनएमटी 292 अमिनो आम्लांचं. त्यातला वीसेक आम्लांचा एक तुकडा घेऊन तिला घडवलंय. ट्यूबमध्ये आहे तो नेमका तोच तुकडा. ब्लॉकिंग पेप्टाइड म्हणतात ते हेच.

आता दोन ट्यूब. दोन्हींत अँटिबॉडी सारखीच, थेंबाचाही फरक नाही. ‘अ’मध्ये नुसतं बफर. ‘ब’मध्ये पेप्टाइड, अँटिबॉडीच्या वजनाच्या पाचपट. पाचपट ऐकायला थोडं वाटतं, पण एक अँटिबॉडी अशा सत्तरेक पेप्टाइडांच्या वजनाची असते. म्हणजे तिच्या दोन हातांसाठी साडेतीनशेच्या आसपास पेप्टाइड घिरट्या घालतायत. हात गुंतणारच.

[दृश्य: शीतखोलीत संथ फिरणारा रोटेटर]

रात्रभर, 4 अंशांवर.

[दृश्य: एकाच मेम्ब्रेनचे कापलेले दोन तुकडे, दोन तबकांत]

नमुन्यातली प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून या मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, उतरवलीत. एका तुकड्यावर ‘अ’ ओतायचं, दुसऱ्यावर ‘ब’. अँटिबॉडी जिथे चिकटेल तिथे पट्टी उमटेल. दोन्ही तुकडे एकाच जेलवरचे, नमुना एकच. पुढे फोटो घेतानाचा वेळही एकच ठेवायचा. ‘ब’ला कमी वेळ दिला तर पट्टी फिकी दिसणारच, मग पेप्टाइड घातलं काय आणि न घातलं काय.

[दृश्य: इमेजरच्या पडद्यावर काळ्या पट्ट्या उमटताना]

‘अ’वर दोन पट्ट्या. खालची 33 किलोडाल्टनच्या जवळ (किलोडाल्टन म्हणजे प्रथिनांचं वजन मोजायचं एकक), एचएनएमटीचं वजन तेवढंच. वरची 50च्या पुढे, तिच्याहून गडद.

[दृश्य: ‘ब’चा तुकडा. तीन सेकंद निवेदन नाही]

खालची गेली. वरची जागच्या जागी.

गडद पट्टी खरी मानण्याचा मोह कुणालाही होतो. पण हात गुंतलेले असतानाही जी उमटते, ती त्या हातांनी धरलेली नाही. अशा पट्टीला एचएनएमटी समजून पुढची वर्षं खर्ची पडू शकतात.

पेप्टाइडचा शब्दही शेवटचा नाही, हे इथेच सांगायला हवं. तसाच तुकडा दुसऱ्या एखाद्या प्रथिनात असेल तर त्याचीही पट्टी मिटेल. तो घोळ ओळखायला ज्यांतून एचएनएमटीचं जनुकच काढून टाकलंय अशा पेशी लागतात. तरीही कुणी अँटिबॉडीचं चित्र समोर ठेवलं, तर निदान हा ‘ब’ तुकडा मागावा. तो चित्रातून कापलेला असेल तर का कापला, हेही विचारावं.

[दृश्य: उरलेलं द्रावण इवल्या ट्यूबांत वाटलं जातंय. झाकणावर मार्करने तारीख. उणे 20 अंशांच्या फ्रीझरचं दार]