गाठींतून घडलेल्या देवता

श्रोतेहो, नमस्कार. माणसाच्या उंचीची, रंगवलेल्या तागाच्या दोराची एक आकृती डोळ्यांसमोर आणा. जवळ जावं तर नुसत्या गाठी, हजारो गाठी. चार पावलं मागे यावं तर त्या घड्यांतून कुणी देवी बसलेली दिसते. की ते उमलणारं रानफूल आहे? मृणालिनी मुखर्जी यांची शिल्पं अशी आहेत.

जन्म १९४९ चा, मुंबईतला. वडील बिनोदबिहारी मुखर्जी, शांतिनिकेतनचे थोर चित्रकार. आई लीला स्वतः शिल्पकार. मृणालिनी बडोद्याला चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे भित्तिचित्रं शिकल्या आणि तिथेच दोराकडे वळल्या. दोर विणायला माग नाही, आधी काढलेलं रेखाटन नाही. आत लोखंडी सांगाडा, आणि बाहेर हातांनी मारलेली एकेक गाठ. एका शिल्पाला महिनोन्महिने लागत. आपल्याकडे शिंकं विणणाऱ्या बाईला कुणी कलावंत म्हटलं नाही. त्याच जातीच्या कामातून मृणालिनींनी शिल्प उभं केलं, आणि दोरकाम म्हणजे हस्तकला, शिल्प नव्हे, असं म्हणणाऱ्यांना बराच काळ तोंड दिलं.

नावं पाहा: ‘यक्षी’, ‘देवी’, ‘वनश्री’. पण या देवतांना शास्त्रातली लक्षणं नाहीत. हातात आयुध नाही, शेजारी वाहन नाही. माझी पुराणकथा रूढीतली नाही, ती माझी स्वतःची आहे, अशा अर्थाचं त्या म्हणत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या यक्षीला पाकळ्या फुटतात, फुलाला मांसल ओठ येतात. वासना, मातृत्व, दरारा हे सगळं एकाच देहात नांदतं, आणि त्यातलं काहीही त्या झाकत नाहीत. माणूस आणि झाड यांच्यामधली रेघच त्यांनी पुसून टाकली.

पुढे त्या मातीकडे वळल्या, मग ब्राँझकडे. तिथंही पानं आणि देठच, पण आता धातूतले.

जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन उघडलं आणि आठवड्याभरातच त्या गेल्या. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाच्या तेव्हाच्या शाखेत, मेट ब्रॉयरमध्ये, ही शिल्पं मांडली गेली, तेव्हा जगानं त्यांना नीट पाहिलं. त्यांच्या जन्मगावी, मुंबईत, एखादी यक्षी कायमची असावी आणि शाळेतल्या मुलांना तिच्याभोवती फिरून ती पाहता यावी, असं मला मनापासून वाटतं. फोटोत या गाठींचं वजन कळत नाही.