रणात जाण्याआधी घार बघा

(दृश्य : ऐरोलीची खाडी, सकाळ. कांदळवनावर घिरट्या घालणाऱ्या घारी.)

कच्छच्या रणात गरुड बघायला निघालात? मग आधी एखादी सकाळ ठाण्याच्या खाडीवर काढा. घार रोजचीच, म्हणून तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. पण रणात क्षितिजावर ठिपका दिसला, की तो घारीपेक्षा मोठा की लहान, इथूनच ओळख सुरू होते. तिची शेपटी बघा. मधे खाच आहे. वळताना ती शेपटी कशी पिळते तेही बघा. मात्र शेपटी पूर्ण पसरली, की खाच जवळपास दिसेनाशी होते. नवखे इथेच फसतात आणि घारीला गरुड ठरवून मोकळे होतात.

(दृश्य : उरणजवळचं पांजे, हिवाळा.)

पाणथळीवरची बदकं एकदम उठली, की दुर्बीण त्यांच्यावर रोखू नका. त्यांना उठवलं कुणी ते शोधा. तो बघा, दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी! पंख किंचित वर धरून गवताला जवळजवळ घासत चाललाय. त्याचेच भाऊबंद, माँटेग्यूचा आणि फिकट भोवत्या, थंडीत कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ रानात भेटतात. त्यांचे नर राखाडी. माद्या मात्र जाणकारांनाही चकवतात.

(दृश्य : कच्छ. सपाट, उघडी जमीन.)

इथे सकाळी आभाळ नको, जमीन चाळा. गार हवेत गरुड उडायचे कष्ट घेत नाहीत. ढेकळासारखे बसून राहतात. जमीन तापून हवा वर चढू लागली, की तिच्यावर स्वार होतात. उन्हं वाढली, की हवा थरथरते आणि दुर्बिणीतही चित्र स्थिर राहत नाही. म्हणून पहिले दोन तास सोन्याचे.

जवळ बसलेला मिळाला तर चोचीची पिवळी जिवणी बघा. ती डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचली, तर तो मध्य आशियाकडून आलेला स्टेप गरुड. डोळ्याच्या मध्यापाशीच थांबली, तर आपल्याकडचा सुपर्ण गरुड. स्टेप गरुड २०१५पासून जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानला जातो. विजेच्या तारांवरही अनेक मरतात. हे कळल्यावर फोटोसाठी त्याच्यामागे गाडी घालायचं मन होत नाही.

संध्याकाळी तर आणखी जपा. भोवत्ये झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपायला उतरतात. गाडी वाटेवरच उभी करा, इंजिन बंद करा आणि आतूनच बघा.